‘निल’ रिपोर्टच्या पुढे काय? एका भाकिताचा इतिहास

आपल्याकडे म्हणतात ना, अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, तसा आजचा विषय आहे. मूल होत नाही म्हटलं की घरातली मंडळी आधी सुनेकडे बघतात, तिच्या तपासण्या होतात, उपास-तापास सुरू होतात. नवऱ्याचा सीमेन रिपोर्ट सगळ्यात शेवटी येतो, आणि कधी कधी त्यावर एकच शब्द असतो: ‘निल’. म्हणजे वीर्यात एकही शुक्राणू नाही. जगातल्या साधारण 100 पुरुषांमागे एकाच्या वाट्याला हे येतं. त्यातल्या काहींचं कारण थेट गुणसूत्रांत किंवा जनुकांत असतं.

अशा माणसाचा प्रश्न सरळ असतो: “उपचार केले तर मला मूल होईल का?” या प्रश्नाचं उत्तर गेल्या 80 वर्षांत कसं बदलत गेलं, हा आजचा इतिहास. मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. पण रोजच्या कामात भाकितं करणाऱ्या मॉडेल्सशी संबंध येतो, म्हणून ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

बोस्टन, 1942

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुलर ऑलब्राइट नावाचे हार्मोनतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे हॅरी क्लाइनफेल्टर हा तरुण डॉक्टर काम शिकायला आला. 1942 साली त्यांनी एडवर्ड रायफेनस्टाइन यांच्यासह नऊ पुरुषांची माहिती छापली. या पुरुषांची वृषणं लहान होती, छाती थोडी वाढलेली होती, शुक्राणू नव्हते आणि एफएसएच हे हार्मोन खूप वाढलेलं होतं. हा आजार क्लाइनफेल्टरच्या नावाने ओळखला जाऊ लागला. स्वतः क्लाइनफेल्टर मात्र पुढे सांगत राहिले की याचं खरं श्रेय ऑलब्राइटचं आहे.

तेव्हा हा हार्मोनचा बिघाड समजला गेला. गुणसूत्रांचा विचार करायचा तर माणसात ती किती असतात हेच नीट माहीत नव्हतं! पुस्तकांत 48 छापलेलं असायचं. 46 हा बरोबर आकडा 1956 मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथून जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी दिला.

त्याच सुमारास एक गोंधळही झाला. स्त्रियांच्या पेशींत एक गडद ठिपका दिसतो, त्याला बार बॉडी म्हणतात. क्लाइनफेल्टर असलेल्या पुरुषांच्या पेशींतही तो सापडला. मग काही संशोधकांनी निष्कर्ष काढला की हे जनुकीयदृष्ट्या स्त्रियाच आहेत. विचार करा, दाढी करून कामाला जाणाऱ्या माणसाला असं सांगितलं तर त्याचं काय होईल? 1959 मध्ये एडिनबरोच्या पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांनी गुणसूत्रं मोजून हा प्रश्न सोडवला. या पुरुषांत एक्स-एक्स-वाय, म्हणजे एकूण 47 गुणसूत्रं होती. वाय आहे म्हणून तो पुरुष, आणि एक्स एक जास्त. साधारण 600 मुलग्यांमागे एकात हे असतं, आणि बऱ्याच जणांना आयुष्यभर कळतही नाही.

कारण सापडलं, पण भाकीत तेच राहिलं. पाठ्यपुस्तकात एक शब्द होता: वंध्य. विषय संपला.

वाय गुणसूत्राचा नकाशा

दुसरा धागा इटलीतला. 1976 मध्ये लुसियानो टिएपोलो आणि ऑर्सेटा झुफार्डी यांनी मूल न होणाऱ्या 1,170 पुरुषांची गुणसूत्रं तपासली. सहा जणांच्या वाय गुणसूत्राची लांब बाजू टोकाकडून तुटलेली दिसली, आणि सहाही जणांत शुक्राणू नव्हते. म्हणजे शुक्राणू तयार होण्यासाठी लागणारं काहीतरी त्या तुटलेल्या भागात होतं. त्या भागाला पुढे एझेडएफ हे नाव मिळालं.

सूक्ष्मदर्शकातून न दिसणारे छोटे तुटलेले भाग शोधायला नव्वदचं दशक उजाडलं. 1996 मध्ये पीटर फोग्ट आणि सहकाऱ्यांनी एझेडएफचे तीन भाग वेगळे करून दाखवले: ए, बी आणि सी. आजही रक्ताच्या साध्या नमुन्यावर होणारी तपासणी याच तीन भागांची असते.

दोन शोध आणि मोडलेलं भाकीत

इथे आपल्या मुंबईचा एक संदर्भ येतो. 6 ऑगस्ट 1986 रोजी केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षाचा जन्म झाला. टेस्ट ट्यूब बेबी हा शब्द मराठी घराघरांत पोचला. पण त्या तंत्रात बशीतल्या बीजांडाभोवती हजारो शुक्राणू सोडावे लागत. ज्याच्याकडे मोजून चार-पाच आहेत, त्याला त्याचा उपयोग नव्हता.

1992 मध्ये ब्रुसेल्सला जानपिएरो पालेर्मो आणि सहकाऱ्यांनी इक्सी तंत्राने झालेल्या गर्भधारणा जाहीर केल्या. बारीक सुईने एकच शुक्राणू थेट बीजांडात सोडायचा. अचानक हिशोबच बदलला. आता लाखो नकोत, एक पुरे.

मग तो एक कुठून आणायचा? थेट वृषणातून. 1999 मध्ये न्यू यॉर्कच्या पीटर श्लेगल यांनी मायक्रो-टेसे ही शस्त्रक्रिया मांडली. वृषणात केसासारख्या बारीक नलिकांचा गुंता असतो. ऑपरेशनच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर काही नलिका जरा जाड, भरलेल्या दिसतात. शुक्राणू तिथे असण्याची शक्यता जास्त, म्हणून तेवढ्याच काढायच्या. त्यांच्या पहिल्या अहवालात जुन्या पद्धतीने 22 पैकी 10 जणांत शुक्राणू मिळाले होते, नव्या पद्धतीने 27 पैकी 17 जणांत.

1998 मध्ये पालेर्मो, श्लेगल आणि सहकाऱ्यांनी एक्स-एक्स-वाय पुरुषांना झालेल्या बाळांची माहिती प्रसिद्ध केली. पाठ्यपुस्तकातला ‘वंध्य’ हा शब्द तिथेच खोटा ठरला.

मग भाकीत जमलं का?

माझ्या मते इथूनच गोष्ट सगळ्यात रंजक होते. 2017 मध्ये कोरोना (हे संशोधकाचं आडनाव आहे, घाबरू नका) आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या 37 अभ्यासांतल्या 1,248 क्लाइनफेल्टर पुरुषांची माहिती एकत्र केली. शुक्राणू मिळण्याचं प्रमाण साधारण 44 टक्के निघालं. मिळाल्यानंतर इक्सीच्या एका सायकलमागे मूल जन्माला येण्याचं प्रमाण साधारण 43 टक्के.

जाहिरातीत हे दोन आकडे वेगवेगळे दिसतात आणि दोन्ही छान वाटतात. पण सुरुवात करणाऱ्या माणसाला दोन्ही दारं ओलांडायची असतात. ढोबळ गुणाकार करा: 100 जणांनी सुरुवात केली, 44 जणांत शुक्राणू मिळाले, त्यातल्या 19च्या आसपास घरांत पहिल्या सायकलमध्ये पाळणा हलला. शून्यावरून 19 ही मोठी झेप आहे, पण ती 44 नाही. हा फरक पैसे भरण्याआधी जोडप्याला कळायला हवा.

आणि त्या 44 मध्ये कोण असेल? त्याच अभ्यासात वय, वृषणांचा आकार, एफएसएच, टेस्टोस्टेरॉन, सगळं तपासलं गेलं. कशावरूनही नीट सांगता आलं नाही. शुक्राणू नसलेल्या हजारभर पुरुषांवर न्यूरल नेटवर्कही चालवून झालं. नाणेफेकीपेक्षा बरं उत्तर आलं, पण त्याच्या भरवशावर कुणाचं ऑपरेशन रद्द करावं इतकं पक्कं नाही.

असं का? एफएसएच असो की आकार, ही मापं पूर्ण वृषणाची सरासरी सांगतात. आपला प्रश्न मात्र सरासरीचा नाही. शेकडो नलिकांपैकी एखादी तरी चालू आहे का, एवढंच विचारायचंय. दुष्काळी तालुक्याच्या पावसाच्या सरासरीवरून एखाद्या शेतातल्या विहिरीला पाणी आहे की नाही हे कसं कळणार? ती विहीर शोधायला शिवारात उतरावंच लागतं. चुकीचं माप आत घातलं तर मॉडेल कितीही भारी असो, उत्तर धूसरच येणार.

याउलट वाय गुणसूत्राच्या तपासणीत उत्तर स्वच्छ मिळतं. एझेडएफ-ए किंवा एझेडएफ-बी पूर्ण गेलेला असेल तर शुक्राणू मिळण्याची आशा जवळपास नसते, म्हणून शस्त्रक्रिया करू नये असाच सल्ला दिला जातो. फक्त सी गेलेला असेल तर अनेकांत शुक्राणू सापडतात. मात्र वडिलांचं वाय प्रत्येक मुलग्याकडे जातं, म्हणजे ती उणीवही त्याच्याकडे जाणार. हे आधी समजावून सांगणं उपचाराचाच भाग आहे.

तिसरा गट सिस्टिक फायब्रोसिसच्या जनुकातल्या बदलामुळे जन्मतः शुक्रवाहिन्या नसलेल्यांचा. इथे कारखाना चालू, रस्ता तेवढा नाही. शुक्राणू जवळपास नेहमीच मिळतात. पण पत्नीतही त्याच जनुकात बदल असेल तर बाळाला तो आजार होऊ शकतो, म्हणून तिचीही तपासणी आधी करायची.

म्हणजे ‘निल’ हा शब्द तीन रिपोर्टांवर सारखाच, आणि त्यामागची उत्तरं तीन: जवळपास नक्की हो, जवळपास नक्की नाही, आणि अर्ध्याच्या जरा खाली. कुठल्या रांगेत उभे आहोत हे एका रक्ततपासणीने बऱ्याचदा कळतं. ती न करता पुढे गेलं तर ज्याला काहीच मिळणार नाही त्याच्यावर चाकू चालतो, आणि त्याच्या बायकोला दिवसामागून दिवस हार्मोनची इंजेक्शनं घ्यावी लागतात. मला वाटतं, या 80 वर्षांच्या संशोधनाने दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे वेळेवर मिळणारं प्रामाणिक ‘नाही’. त्यानंतर दत्तक, दात्याचे शुक्राणू किंवा दोघांचंच घर, यातलं काय निवडायचं ते जोडप्याला शांतपणे ठरवता येतं.

तर मंडळी, ओळखीत कुणाला असा रिपोर्ट आला असेल तर हा भाग त्यांना जरूर पाठवा. आणि तपासणीची सुरुवात सुनेपासूनच होत असेल, तर घरातल्या मोठ्यांनाही ऐकवा. भेटूया पुढच्या भागात!