श्रेय अर्काला, काम जेलचं

डोळ्यांखालची सूज उतरवणाऱ्या जेलच्या वेष्टनावर काकडी, कोरफड, कॅमोमाइल ठळक अक्षरांत असतात. पूर्वपक्ष असा: सूज उतरते ती या अर्कांमुळे, म्हणून अर्क जितका जास्त तितका गुण जास्त, आणि वनस्पतीचाच असल्यामुळे अपायाचं नाव नको.

आधी सूज पाहू. पापणीची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, खालचा भाग सैल. रात्रभर आडवं पडलं की तिथे पाणी साचतं आणि उठून हिंडू-फिरू लागल्यावर हळूहळू ओसरतं. सातला जेल लावून नऊला आरसा पाहणारा यातलं बरंचसं श्रेय अर्काला देऊन टाकतो. उरलेलं काम गारव्याचं: जेलमधलं पाणी उडताना त्वचा थंडावते, बारीक रक्तवाहिन्या आकसतात. थायलंडमधल्या संशोधकांनी 2011 साली कॅफीनचं जेल आणि नुसतं जेल यांची तुलना प्रसिद्ध केली. एकूण निकालात लक्षणीय फरक नव्हता. काही जणांना कॅफीनचा फायदा झाला, तो नाकारायचं कारण नाही. काकडीत तर सुमारे 95 टक्के पाणीच. फ्रिजमधला चमचाही तेवढंच काम करतो.

‘जास्त अर्क’ हा हट्ट बीकरमध्येच फसतो. अर्धा टक्का कार्बोमर (जेल घट्ट करणारी पूड) पाण्यात भिजवून थेंब थेंब अल्कली घातली, की गढूळ पाणी बघता बघता पारदर्शक, घट्ट होतं. आता त्यात कोरफडीचा रस सढळ हाताने ओता. रसातल्या क्षारांनी जेल पातळ होऊन पेजेसारखं ओघळू लागतं. कार्बोमरऐवजी झँथन गम हा डिंक घेतला, तर तो क्षारांपुढे टिकतो, पण बोटाला बुळबुळीत लागतो.

सौम्यपणाचं म्हणाल, तर कॅमोमाइल शेवंतीच्या कुळातली. आपलं गाजरगवतही त्याच कुळातलं. त्याची ॲलर्जी असलेल्याला ही ‘सौम्य’ फुलं बाधू शकतात. शिवाय अर्क हे जंतूंचंही खाद्य. प्रिझर्व्हेटिव्ह वगळण्याची फुशारकी डोळ्याजवळ तरी नको.

म्हणून माझा क्रम उलटा: आधी बिनवासाचं, बिनअर्काचं जेल नीट बसवावं, मग अर्क थोडा घालावा. त्यानंतर पाहणी: एका डोळ्याखाली अर्काचं, दुसऱ्याखाली नुसतं जेल. कुठे कोणतं ते ना लावणाऱ्याला ठाऊक, ना पाहणाऱ्याला. फोटो दोन्ही डोळ्यांचा, एकाच वेळी, एकाच उजेडात. आणि ज्यांची फुगवटी वयामुळे चरबी पुढे सरकून आलेली, संध्याकाळीही तशीच राहणारी, त्यांना या पाहणीत घेऊच नये.