रानपिंगळ्याची चिठ्ठी

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी आई आम्हां भावंडांना उठवी, तेव्हा परसातल्या चिंचेवर पिंगळ्यांचे जोडपे हटकून कलकलत असे. "लक्ष्मीचे वाहन दारी आले हो!" असे आजी म्हणे. या पिंगळ्याचा रानातला एक भाऊबंद शंभरावर वर्षे विद्वानांना हुलकावणी देत आहे, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होते?

त्याचे नाव रानपिंगळा. १८७२ साली ब्लूइट नावाच्या गृहस्थांना तो आजच्या छत्तीसगडात मिळाला आणि पुढच्याच वर्षी ह्यूमसाहेबांनी (काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतलेले तेच हे!) त्याचे शास्त्रीय बारसे केले. पुढे जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात शहादा-तळोद्याकडे त्याचे काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र पक्षी जो दिसेनासा झाला, तो झालाच. उरली ती संग्रहालयांतली पेंढा भरलेली मोजकी कातडी आणि त्यांच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठ्या.

त्यांतली एक चिठ्ठी सांगत होती, की कर्नल माइनर्ट्झहागन यांना हा पक्षी १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे मिळाला. कर्नल बडे पक्षिशास्त्रज्ञ. अशा माणसावर अविश्वास कोण दाखवणार? सालिम अली आणि रिप्ले यांच्यासारख्यांनीही रानपिंगळ्याचा शोध घेतला, पण व्यर्थ. पुढे पामेला रासमुसेन या विदुषीने तो नमुना बारकाईने तपासला. तो पुन्हा नव्याने भरला होता. तरी पहिल्या हाताच्या खुणा पुसल्या गेल्या नव्हत्या. तो डेव्हिडसनचाच पक्षी! कर्नलने ब्रिटिश संग्रहालयातून चोरून त्याला खोटी चिठ्ठी बांधली होती.

मांडवी यादीतून गेली. उरली खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांनी आधी पूर्वेकडची राने धुंडाळली. हाती काही लागले नाही. मग ते शहाद्याला आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी एका निष्पर्ण झाडावर, चांगल्या उन्हात, रानपिंगळा बसलेला दिसला. माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पाय दणकट, शेपटीवर रुंद पट्टे. ११३ वर्षांनी ओळख पटली! पुढे तो मेळघाटात आढळला, आणि २०१४ साली तर मुंबईला पाणी पाजणाऱ्या तानसाच्या रानातही.

'हरवला होता' असे आपण म्हणतो खरे. पण सातपुड्यातल्या भिल्ल-पावरांच्या दृष्टीला तो कधीच पडला नसेल, असे माझे मन घेत नाही. तो आपल्या जागीच होता. वाट चुकली होती आपली, आणि त्या चुकीत एका खोट्या चिठ्ठीचाही वाटा होता. तेवढ्या काळात किती रान तुटले, याचा हिशेब त्या कर्नलकडे कोण मागणार?

आजी आज नाही. पण यंदा पहाटे चिंचेवर पिंगळा कलकलला, की सातपुड्यातल्या त्याच्या भाऊबंदालाही एक पणती लावीन म्हणतो.