भांडे वाजले, पण हललं काय? वऱ्हाडाखालच्या भ्रंशाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार.

३० सप्टेंबर २०२४. दुपारी दीड वाजून गेला होता. मी पुण्यात मीटिंगमध्ये, आणि परतवाड्याहून आजीचा फोन. "अरे, मांडणीवरचे भांडे वाजले नं बाप्पा! मले वाटलं मांजर हाय." थोड्या वेळात बातमी आली: भूकंप, ४.२ रिश्टर, केंद्र अमरावती जिल्ह्यात, मेळघाटाकडे. संध्याकाळी आजीनं विचारलं, "पन खाली हाललं काय, नेमकं?"

मला उत्तर देता आलं नाही. हा भाग त्या प्रश्नामुळे.

माझा धंदा कोडचा. सर्व्हर पडला की आधी लॉग बघायचे, मग दोष शोधायचा. भूकंपाचंही तसंच आहे. जमिनीच्या पोटात खडक एका जुन्या भेगेवर सरकतो. त्या भेगेला म्हणायचं भ्रंश, म्हणजे आपली फॉल्ट लाइन. भूकंप होऊन गेल्यावर तो नेमका कोणत्या भ्रंशावर झाला, हे शोधायचं असतं. अडचण एवढीच, की इथले लॉग तुटके असतात.

उदाहरण घ्या १४ मार्च १९३८ चं. त्या दिवशी सातपुड्यात, खानदेश-निमाडच्या बाजूला, सव्वासहाच्या आसपासचा भूकंप झाला. आपल्या भागाच्या जवळचा हा यंत्रांनी नोंदवलेला सगळ्यात मोठा धक्का. तेव्हा देशात भूकंपमापक मोजकेच होते. पद्धत साधी आहे: आधी वेगवान 'पी' लहर पोचते, मग संथ 'एस' लहर. दोन्हींमधल्या वेळेवरून अंतर कळतं. तीन ठिकाणची अंतरं मिळाली की नकाशावर तीन वर्तुळं काढायची. ती जिथे छेदतात तिथे केंद्र. पण यंत्रं लांब, घड्याळात थोडी चूक, की केंद्र कित्येक किलोमीटर सरकतं. आणि सातपुड्यात तेवढ्या अंतरात एकाहून जास्त भ्रंश आहेत.

त्यात हा भूकंप खोल होता, सुमारे ४० किलोमीटर. एवढ्या खोलवर खडक सरकला तर वर शेतात भेग दिसेलच असं नाही. तापीच्या उत्तरेकडच्या भ्रंशाचं नाव घेतलं जातं, पण शिक्कामोर्तब कठीण. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंपही असाच खोल होता. फरक एवढाच, की किल्लारीनंतर देशात आधुनिक डिजिटल यंत्रं बसली होती. त्यामुळे खडक कोणत्या दिशेनं सरकला हे कळलं आणि नर्मदेच्या दक्षिणेकडच्या भ्रंशापर्यंत पोचता आलं.

म्हणजे १९३८ ला भूकंप आहे, पण भ्रंश पक्का सापडत नाही. आता उलटी केस बघा, आपल्या दाराशीच.

अकोल्याहून अकोटला जाताना उत्तरेकडे पाहा. सपाट काळी जमीन, कपाशी, आणि एकदम भिंतीसारखा सातपुडा. नरनाळा आणि गाविलगड हे दोन्ही किल्ले याच डोंगररांगेत. या रांगेच्या दक्षिण कडेनं गाविलगड भ्रंश जातो, शेकडो किलोमीटर लांब. त्याच्या दक्षिणेची जमीन खचली, त्या खोलगटात पूर्णा नदीनं गाळ भरला. आपला खारपाणपट्टा, जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, तो याच गाळावर आहे. मोर्शीजवळ सालबर्डीला यात्रेला गेला असाल तर तिथला गरम पाण्याचा झरा आठवा. तिथे काळ्या बेसाल्टच्या शेजारी त्याच्याहून कितीतरी जुने खडक वर आलेले दिसतात. ही भ्रंशाचीच करामत.

मग हा भ्रंश झोपलाय का? संशोधकांनी या पट्ट्यातल्या नद्यांची सरकलेली पात्रं तपासली. वाळूचा कण शेवटचा उजेडात कधी होता, हे मोजून गाळाचं वय काढलं. निष्कर्ष: गेल्या सुमारे ८० हजार वर्षांत इथली जमीन एकापेक्षा जास्त वेळा हलली आहे. पण यावरच्या मोठ्या भूकंपाची लेखी नोंद मला कुठे मिळाली नाही. इथे भ्रंश आहे, लॉग रिकामा.

रिकामा लॉग बघून "ऑल ओके" म्हणायची सवय महागात पडते. किल्लारी तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३:५६ ला भूकंप झाला आणि हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. भ्रंश त्यानंतर शोधला गेला: शेतात उमटलेल्या भेगा पाहून, चर खणून, ६१७ मीटर खोल बोअर घेऊन. नंतर जवळच्या तेर या प्राचीन गावातल्या थरांत जुन्या धक्क्याच्या खुणा दिसल्या. अंदाज दीड हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे लॉग होता. आपण वाचला नव्हता.

मला कोणाला घाबरवायचं नाहीये. २०१८ च्या पावसाळ्यात धारणी तालुक्यातल्या साद्राबाडीत धक्क्यांमागून धक्के बसले तेव्हा अफवांनीच जास्त त्रास दिला. उद्या मोठा भूकंप येईल, असं कोणीही सांगू शकत नाही. पण दोन कामं आपल्या हातात आहेत. एक, जुन्या मातीच्या भिंती आणि वरचे जड धाबे वेळेत दुरुस्त करणं. दोन, धक्का जाणवला की नोंद करणं: किती वाजता, काय पडलं, किती वेळ हललं. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर ती देता येते. यंत्रं नव्हती तेव्हाच्या भूकंपांचे नकाशे अशाच आठवणींवरून बनलेत.

आजीला मी एवढंच सांगितलं, की खालचा खडक थोडा सरकला; कोणत्या भेगेवर, ते शोधणं चालू आहे. ती म्हणाली, "मंग लिहून ठेव, भांडे वाजले म्हनून."

लिहून ठेवलंय. तुमच्याकडेही अशी आठवण असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारा. भेटू पुढच्या भागात!