नव्या मधपेट्यांची वाढ सारखी का होत नाही?

एकाच दिवशी आणलेल्या दोन मधपेट्या दीड महिन्यानंतर सारख्या दिसतीलच असे नाही. एकीत आठ चौकटी माशांनी भरतात, दुसरीत जेमतेम चार. अमरावती, अकोला भागात तूर किंवा संत्र्याच्या परागीभवनासाठी पेट्या ठेवणाऱ्या नव्या मधपाळाने अशा वेळी घाई न करता आधी कारण ओळखावे.

वाढीचे गणित

मेलिफेरा जातीत अंड्यापासून कामकरी माशी तयार होण्यास २१ दिवस, राणीस १६ दिवस, तर नरास २४ दिवस लागतात. हंगामात कामकरी माशी साधारण सहा आठवडे जगते.

- पिलाव्यासह व अंडी घालणाऱ्या राणीसह आणलेली वसाहत : रोज नव्या माशा बाहेर पडतात. वाढ लगेच दिसते.
- राणी आहे, पण पिलावा नाही : पहिले तीन आठवडे एकही नवी माशी जन्मत नाही आणि जुन्या मरतात. त्यामुळे संख्या घटणे स्वाभाविक आहे.
- विभाजन करून स्वतः राणी तयार करणारी वसाहत : राणी जन्मणे, मिलन व अंडी सुरू होणे यात साडेतीन ते चार आठवडे जातात. त्या अंड्यांतून माशा निघेपर्यंत सुमारे सात आठवडे होतात.

इतर कारणे

- पोळी : तयार पोळे मिळाल्यास राणी लगेच अंडी घालते. फक्त मेणपत्रा दिल्यास पोळे बांधण्यात माशांचा बराच मध खर्च होतो.
- जात : सातेरीची वसाहत मेलिफेरापेक्षा लहान असते. दोघींची तुलना करू नये. अन्नटंचाई किंवा सततचा त्रास झाल्यास सातेरी पेटी सोडून जाते.
- मांडणी : एकाच रांगेतील पेट्यांत माशा वाट चुकतात व कडेच्या पेट्यांत जास्त जमतात. दारांची दिशा थोडी बदलावी, पेट्यांना वेगवेगळे रंग द्यावेत.
- ऊन : उघड्यावरील पेटीतील माशा पाणी आणण्यात व पेटी थंड ठेवण्यात गुंततात. सावली व जवळ स्वच्छ पाणी आवश्यक आहे.

वऱ्हाडातील हंगाम

पावसाळा संपताना सुरुवात करणे सोयीचे. ऑक्टोबर ते डिसेंबरात तुरीचा फुलोरा, जानेवारी-फेब्रुवारीत संत्र्याचा अंबिया बहार आणि त्याच सुमारास करडई व कांदा बीजोत्पादनाची फुले मिळतात. एप्रिल-मेच्या कडक उन्हात आणि भर पावसाळ्यात फुले कमी पडतात. मार्चअखेरीस आणलेली पेटी वाढली नाही, तर दोष राणीचाच असतो असे नाही.

तपासणी व उपाय

दर ८ ते १० दिवसांनी, सकाळी, थोडा वेळच पेटी उघडावी. माशांनी झाकलेल्या चौकटी, अंडी, बंद पिलावा, मध व पराग यांची तारखेसह नोंद ठेवावी.

१. अंडी आहेत, माशा कमी : दार लहान करावे, रिकाम्या चौकटी काढाव्यात, थांबावे.
२. अन्न कमी : साखर व पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आत द्यावा. बाहेर सांडू नये, लूटमार होते.
३. अंडी नाहीत : विभाजनानंतर चार आठवडे उलटले नसतील तर वाट पाहावी. त्यानंतरही नसतील तर सशक्त पेटीतील ताज्या अंड्यांची चौकट द्यावी.
४. पिलावा विरळ, ठिपक्या-ठिपक्यांचा : राणी निकृष्ट असू शकते. माइट व रोगही तपासावेत.
५. पोळ्यात जाळी : मेणपतंगाचा प्रादुर्भाव. खराब पोळी काढावीत. फारच कमजोर, पण निरोगी वसाहत दुसरीत मिसळावी. दोन राण्या एकत्र ठेवू नयेत.
६. दारासमोर अचानक मेलेल्या माशांचा खच : बहुधा फवारणीची विषबाधा. तुरीवर फुलोऱ्यात घाटेअळीसाठी फवारणी होते. शेजाऱ्यांशी आधी बोलून ती सायंकाळी माशा परतल्यावर करावी. शक्य असल्यास पेट्या दूर न्याव्यात.

सुरुवातीस किमान दोन पेट्या ठेवाव्यात. एकीतील अंड्यांची चौकट दुसरीला वाचवू शकते. पहिल्या हंगामात मध काढण्याची घाई करू नये. प्रशिक्षणासाठी जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र किंवा पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेशी संपर्क साधावा.