रक्तपिपासूचा वऱ्हाडी प्रेक्षक : अल्पखर्ची हिंदी भयपटांच्या आस्वादाचा इतिहास

प्रस्तावना

चित्रपटाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे निर्माता, दिग्दर्शक आणि फार तर नट यांचा विचार होतो. तिकीट काढून बाकावर बसलेल्या माणसाची नोंद सहसा कोणी घेत नाही. त्यातही तो माणूस शेंदूरजनाघाटसारख्या गावचा असेल आणि त्याला आवडलेला चित्रपट रॅमसे बंधूंचा असेल, तर त्याची आवड 'अभिरुचीचा अभाव' या सदरात टाकून अभ्यासक मोकळे होतात. प्रस्तुत लेखात या आवडीकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. रक्तपिपासू सैतान, ढासळती हवेली, कोळ्याची जाळी आणि रबरी मुखवटा यांनी भरलेले हे चित्रपट वऱ्हाडातील प्रेक्षकाने का पाहिले, आणि पाहताना नेमका कशाचा आनंद घेतला, हा येथील प्रश्न आहे. प्रस्तुत लेखक स्वतः या चित्रपटांचा चाहता आहे, हेही आरंभीच सांगितलेले बरे. तटस्थतेचा आव आणण्यापेक्षा ते अधिक प्रामाणिक ठरेल.

परदेशी डोळा, देशी खुंट

पाश्चात्त्य रक्तपिपासूची वंशावळ सर्वज्ञात आहे. ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. १९२२ मध्ये जर्मनीत मुर्नाऊ यांनी 'नोस्फेरातू' काढला, १९३१ मध्ये हॉलिवूडने बेला लुगोसीला काळा झगा चढवला, आणि १९५८ मध्ये इंग्लंडच्या हॅमर या संस्थेने ख्रिस्तोफर ली यांना घेऊन रंगीत 'ड्रॅक्युला' पडद्यावर आणला. हॅमर ही काही धनाढ्य संस्था नव्हती. लंडनबाहेर ब्रे येथील एक जुने निवासस्थान घेऊन तिने त्याचाच स्टुडिओ केला. तेच जिने आणि त्याच भिंती थोड्याफार फेरफाराने पुनःपुन्हा वापरल्या. काटकसरीतून भयाची एक शैली घडते, हा धडा मुंबईतील रॅमसे कुटुंबाने पुढे आपल्या परीने गिरवला.

मात्र आपल्याकडे भूमी रिकामी नव्हती. मराठी लोकमानसात मुंजा, हडळ, खवीस, वेताळ अशी मोठी वसाहत पूर्वीपासून नांदत होती. रिचर्ड बर्टन यांनी १८७० साली वेताळाच्या कथा इंग्रजीत नेल्या, तेव्हा वेताळासाठी 'व्हॅम्पायर' हाच शब्द वापरला. वस्तुतः दोघांत मोठे अंतर आहे. आपला वेताळ कोडी घालतो, उत्तरे मागतो. तो रक्तासाठी कोणाच्या मानेला तोंड लावत नाही. आपल्याकडचे भूत 'लागते', 'धरते', 'झपाटते', म्हणजे ते अंगात शिरते. युरोपातील रक्तपिपासू बाहेरून येऊन अंगातले काढून नेतो. हिंदी भयपटाने या दोन्ही कल्पना एकाच देहात बसवल्या. संत्र्याच्या कलमांसाठी नाव मिळवलेल्या शेंदूरजनाघाटच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. झाड वाढते ते खुंटाच्या मुळांवर, आणि फळ येते ते डोळ्याच्या जातीचे. रॅमसे यांच्या चित्रपटांत डोळा ड्रॅक्युलाचा होता, खुंट आपल्या गावच्या भुताचा होता.

मराठी वाचकाला हा परदेशी पाहुणा पुस्तकातूनही भेटला होता. नारायण धारप (१९२५–२००८) यांची 'लुचाई' ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या 'सॅलम्स लॉट'वर बेतलेली आहे. परंतु तो वाचनालयातील एकट्याचा अनुभव होता. चित्रपटगृहातील भय ही सामुदायिक गोष्ट होती, आणि तिचा इतिहास वेगळा आहे.

रॅमसे कुटुंबाचा उद्योग

फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेले फतेचंद रामसिंघानी हे रेडिओच्या धंद्यातील गृहस्थ. गोऱ्या गिऱ्हाइकांना उच्चारायला सोपे म्हणून आडनावाचे 'रॅमसे' झाले, असे सांगितले जाते. त्यांनी १९७० साली 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा चित्रपट काढला. तो पडला. मात्र मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूर यांच्या चोरीच्या प्रसंगाला प्रेक्षक दचकत होते, हे मुलांनी चित्रपटगृहात बसून टिपले. सात भावांच्या पुढील सर्व कारकिर्दीचे मूळ प्रेक्षकाच्या या निरीक्षणात आहे. नायक-नायिकेसाठी नव्हे, तर त्या काही मिनिटांच्या भयासाठी लोक पैसे देतील, हा त्यांचा हिशेब होता.

'दो गज़ जमीन के नीचे' (१९७२) महाबळेश्वरला सुमारे ४० दिवसांत आणि साडेतीन लाख रुपयांच्या आसपास खर्चात पूर्ण झाला, असे या कुटुंबीयांनी वेळोवेळी सांगितले आहे. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करीत, गंगू कॅमेरा सांभाळीत, अन्य भाऊ पटकथा, ध्वनी, संकलन पाहत. छायालेखनाचे शिक्षण त्यांनी जोसेफ मासेली यांचे पुस्तक समोर ठेवून घेतले होते. 'दरवाजा' (१९७८), 'पुराना मंदिर' (१९८४), त्रिमिती 'सामरी' (१९८५), 'तहखाना' (१९८६), 'वीराना' (१९८८) अशी ही मालिका पुढे चालू राहिली. खऱ्या अर्थाने रक्तपिपासूचा म्हणावा असा 'बंद दरवाजा' १९९० साली आला. त्यातील नेवला हा सैतान काळ्या पहाडीत शवपेटीत निजतो, वटवाघळाचे रूप घेतो आणि स्त्रियांना वश करतो. ही भूमिका करणारे अनिरुद्ध अग्रवाल रुडकी येथे शिकलेले स्थापत्य अभियंता होते. 'पुराना मंदिर'मधील सामरीही तेच. मुखवट्यावर फार खर्च करावा लागू नये, अशी त्यांची चेहरेपट्टी आणि उंची होती. हे विधान क्रूर वाटेल, पण निर्मात्यांचे अर्थशास्त्र असेच होते.

सी. पी. बेरार : नकाशावरून गेलेला प्रांत

हे चित्रपट वऱ्हाडात कसे पोहोचले? १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला, १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या प्रशासनाला जोडलेला वऱ्हाड १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. 'सी. पी. अँड बेरार' हा प्रांत प्रशासकीय नकाशावरून नाहीसा झाला. चित्रपट वितरणाच्या नकाशावर मात्र तो तसाच राहिला. पुण्या-मुंबईचा प्रदेश 'बॉम्बे सर्किट'मध्ये मोडे, तर अमरावती-अकोला 'सी. पी. बेरार'मध्ये. भुसावळला मुख्यालय असलेल्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनच्या कक्षेत हा भाग येई, आणि अमरावती हे वितरकांचे एक महत्त्वाचे केंद्र होते. मेलेल्या प्रांताचे नाव धंद्यात वावरत राहावे, हीसुद्धा एक भुताचीच गोष्ट म्हणावी लागेल.

या व्यवस्थेत मोठ्या शहरांना चित्रपटाची नवी प्रत मिळे आणि तालुक्याच्या गावांना तीच प्रत फिरून, झिजून येई. वरूड, मोर्शी, परतवाडा येथील प्रेक्षकापर्यंत पोहोचेतो चित्रफितीवर ओरखडे पडलेले असत आणि काही फुटांचा तुकडा कोठेतरी गळालेला असे. भयपटाच्या बाबतीत याचा परिणाम मोठा विलक्षण होई. सेन्सॉरची कात्री, निर्मात्याची काटकसर आणि झिजलेली प्रत या तिन्ही गोष्टी पडद्यावर एकजीव होत. सैतान झेप घेई आणि एकदम पुढचे दृश्य येई. मधले काय गेले, हे प्रेक्षक आपल्या मनाने भरून काढी. या काळातील मुंबईच्या भयपटांवर २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या कार्तिक नायर यांच्या ग्रंथात अशा दोषांकडेच ऐतिहासिक पुरावा म्हणून पाहिले आहे, आणि प्रस्तुत लेखकाला ती दृष्टी वऱ्हाडाच्या संदर्भात फार उपयोगी वाटते. हा प्रेक्षक वितरणसाखळीच्या शेवटी उभा होता. सर्वाधिक जखमी प्रत त्याच्याच वाट्याला आली.

यात्रांतील तंबूचा सिनेमा हे याच साखळीचे शेवटचे टोक. डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन महिनाभराहून अधिक चालणारी बहिरमची यात्रा आणि महाशिवरात्रीची सालबर्डीची यात्रा ही या भागातील मोठी निमित्ते. बहिरमच्या सुमारास अंबिया बहाराचा संत्रा निघालेला असतो, हाती थोडा पैसा असतो आणि थंडी मी म्हणत असते. रात्रीचा खेळ सुटल्यावर बैलगाडीने किंवा पायी, संत्र्याच्या बागांमधून परतायचे. वऱ्हाडीत ज्याला 'भेव' म्हणतात, ते पडद्यावर जेवढे होते त्याहून अधिक या परतीच्या वाटेवर होते. शहरातील प्रेक्षकाला ही जोड मिळाली नाही.

आनंदाचे स्वरूप

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. चाहत्याला काय आवडे? सर्वप्रथम, त्याला ठाऊक असलेले घडणे आवडे. हवेलीचे दार करकरणार, वारा सुटणार, नोकर नको म्हणत असताना शहरी तरुण तळघरात उतरणार. कीर्तनात आख्यान पाठ असूनही श्रोता बसतो, त्याच जातीची ही अपेक्षा आहे. दुसरे म्हणजे, त्याला खोटेपणा दिसे आणि तो आवडे. मुखवट्याची कड, निळ्या प्रकाशातील रात्र, दोरीवरचे वटवाघूळ हे सर्व त्याच्या नजरेतून सुटत नसे. प्रेक्षागृहातील शिट्ट्या आणि विनोदी शेरे हे भयाच्या जोडीनेच चालत. घाबरणे आणि हसणे यांत त्याला विरोध वाटला नाही. अभिजात समीक्षेला तो वाटतो, हा तिचा प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट ओळखीची. 'पुराना मंदिर'मध्ये सामरीचे मस्तक धडावेगळे करून पेटीत बंद केले जाते आणि त्याला आवर घालते ते त्रिशूळ. युरोपीय ड्रॅक्युलासमोरचा क्रूस येथे शिवाच्या आयुधाने बदलला. महाशिवरात्रीला पचमढीजवळच्या चौरागडावर खांद्यावर त्रिशूळ वाहून नेणारे भाविक ज्या भागात घरोघरी आहेत, तेथे हे आयुध दिसताच प्रेक्षागृहात काय होत असेल, याची कल्पना सहज करता येते. तसेच हवेलीचे. वऱ्हाडात रयतवारी असल्याने हिंदी पडद्यावरचा ठाकूर येथे जसाच्या तसा नव्हता. परंतु देशमुखांचे ओस पडत चाललेले वाडे होते, आणि त्यांविषयीच्या कुजबुजीही होत्या. सावकाराला 'रक्तपिपासू' म्हणण्याची आपली भाषा पाहता या चित्रपटांचे आर्थिक रूपक म्हणून वाचन करता येईल. तथापि ते ओढूनताणून केलेले ठरेल असे वाटते, कारण पडद्यावर ठाकूर बहुधा शापाचा बळी असतो, रक्त पिणारा नसतो.

प्रस्तुत लेखकाच्या पिढीला हे चित्रपट मिळाले ते १९९३ साली सुरू झालेल्या 'झी हॉरर शो'च्या मागोमाग, केबलवर आणि भाड्याच्या व्हीसीडीवर. वऱ्हाडात तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. शवपेटीचे झाकण हलू लागावे आणि नेमकी वीज जावी, असे कितीदा झाले याची गणती नाही. काही चित्रपटांचा शेवट आम्ही एकमेकांना सांगूनच पूर्ण केला, आणि सांगितलेला शेवट पुढे पाहिलेल्या शेवटापेक्षा सरस निघाला.

अंधश्रद्धेचा आक्षेप

या चित्रपटांवरील सर्वांत गंभीर आक्षेप अंधश्रद्धेचा आहे, आणि तो अमरावती जिल्ह्यात विशेष जोराने उभा राहतो. शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) भुताखेतांच्या कल्पनांवर कीर्तनातून आयुष्यभर प्रहार केले. तुकडोजी महाराजांच्या 'ग्रामगीते'चा रोखही तोच. नागपुरातून चाललेली अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली झालेला जादूटोणाविरोधी कायदा हा याच परंपरेचा पुढचा भाग आहे. करणी-जादूटोण्याच्या संशयावरून माणसांचा छळ होतो अशा समाजात भुताची करमणूक निरागस मानता येईल का?

याचे उत्तर एकेरी नाही. अंधश्रद्धा आडपडद्यावर जगते. मांत्रिकाचा विधी पाहता येत नाही, तपासता येत नाही. स्वस्त भयपट मात्र आपला सगळा कारखाना उघडा ठेवतो. रबर दिसते, रंग दिसतो, दोरी दिसते. मुखवट्याची कड दाखवून हसणारा प्रेक्षक नकळत एक प्रकारची परीक्षा करीत असतो. चाहत्याचा आनंद आणि भोळा विश्वास या दोन भिन्न मनोवृत्ती आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

परंतु एवढ्यावर या चित्रपटांना सोडता येत नाही. 'पुराना मंदिर'मधील शाप असा की, राजघराण्यातील प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरणार. 'बंद दरवाजा'ची कथा सुरू होते ती मूल नसलेल्या ठकुराइनीच्या अगतिकतेपासून. मोलकरणीच्या सांगण्यावरून ती नेवल्याकडे जाते, मुलगी झाली तर ती त्याच्या स्वाधीन करण्याची अट स्वीकारते. मुखवटा खोटा आहे हे प्रेक्षकाला दिसते. मात्र वांझपणाचा कलंक, मुलगा-मुलगी हा भेद आणि बाळंतपणातील मृत्यू या गोष्टी त्याच्या गावात खऱ्याच होत्या, आणि चित्रपट त्यांना हात न लावता त्यांच्यावर आपली गोष्ट उभारतो. सैतान जळतो, पण मूल नाही म्हणून स्त्रीला घालून-पाडून बोलणारे घर जसेच्या तसे राहते. हसत-घाबरत पाहणाऱ्या प्रेक्षागृहात स्त्रियांची संख्या किती होती आणि त्यांनी हे कसे पाहिले, हा प्रश्न रॅमसेंच्या चाहत्यांनी, प्रस्तुत लेखकासह, फारसा विचारलेला नाही. पुरुषांच्या आठवणींवरच हा आस्वादाचा इतिहास आजवर उभा आहे.

साधनांची स्थिती

तुलसी रॅमसे २०१८ मध्ये, श्याम २०१९ मध्ये आणि गंगू २०२४ मध्ये निवर्तले. परदेशी चाहत्यांनी या चित्रपटांची दखल आपल्या विद्यापीठांच्या आधी घेतली. इंग्रजी 'मोंडो मकाब्रो' या संस्थेने 'बंद दरवाजा' आणि 'पुराना मंदिर' यांच्या डीव्हीडी निगुतीने काढल्या. चाहत्याने ओरखड्यांसह पाहिलेला चित्रपट आता स्वच्छ रूपात उपलब्ध आहे, पण सी. पी. बेरारमध्ये फिरलेली ती झिजलेली प्रत, तिच्यासोबत आलेली हाताने चिकटवलेली पोस्टरे, तंबूची तिकिटे आणि वितरकांच्या नोंदवह्या यांचे जतन करणारी यंत्रणा या भागात नाही. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार या तालुक्यांतील साठी ओलांडलेल्या प्रेक्षकांच्या, आणि विशेषतः स्त्रियांच्या, मुलाखती इतिहास विभागाच्या विद्यार्थ्यांकडून प्रकल्पकार्य म्हणून एका शैक्षणिक वर्षात घेता येतील. त्यासाठी ध्वनिमुद्रणापुरता मोबाइल पुरेसा आहे. बहिरमच्या यात्रेपासून प्रारंभ केल्यास तंबूत प्रक्षेपक चालविणारी माणसेही कदाचित भेटतील.