भिंतीपासून पाच मीटर

घरमालकाने भाडेकरूच्या घरात विचारून यावे की हवे तेव्हा, हा वाद आज पणजी-मडगावच्या फ्लॅटांत ऐकू येतो. आपल्या गोव्यात तो जुनाच आहे. फक्त पूर्वी त्याला वाद म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मुंडकाराचे घर भाटकाराच्या भाटात. मातीच्या भिंती त्याने स्वतः उभारलेल्या असल्या तरी खालची जमीन आणि भोवतालचे माड भाटकाराचे. पाडेली आला की मुंडकाराच्या आंगणातच नारळांचा ढीग पडे, मोजणी होई. येऊ का, असे कोण विचारणार? पडवी काढायची किंवा मातीच्या जागी चिऱ्याची भिंत घालायची तरी भाटकाराचा होकार हवा. चिरा लागला की माणूस कायमचा बसतो, ही त्याची धास्ती. हाकलले जाण्याच्या भीतीबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले. पण आपल्याच घरात सतत कुणाच्या तरी नजरेखाली राहणे, हेही मला तेवढेच जाचक वाटते.

मुक्तीनंतर, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना, १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा झाला. त्यात राहत्या घराची व्याख्या भिंतींपाशी थांबत नाही. ग्रामपंचायतीच्या हद्दीत बाहेरच्या भिंतीपासून पाच मीटरपर्यंतची आणि इतरत्र दोन मीटरपर्यंतची लगतची जमीन घरातच धरली आहे. वकील मंडळी हा आकडा मालकीसाठी वाचतात. मी त्यात आंगण पाहतो: न्हाणी, तुळस, वाळत घातलेले कपडे. खाजगीपण हा शब्द कायद्यात नसेल, पण त्याची मोजपट्टी आहे.

भाडे भरणाऱ्याला मात्र याच कायद्याने मुंडकाराच्या व्याख्येबाहेर ठेवले. त्याच्यासाठी १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा. त्याचा मुख्य भर भाडे आणि घर खाली करणे यांवर. घरात शिरण्याबद्दल १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ पाहावे. भाडे भरणाऱ्याला निर्वेध ताबा, आणि मालकाला 'वाजवी वेळी' येऊन पाहणी करण्याची मुभा, तीही करारात वेगळे काही नसेल तर. वाजवी म्हणजे किती वाजता? महाराष्ट्राने १९९९ च्या कायद्यात आधी सूचना देण्याची अट घातली. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात चोवीस तासांची पूर्वसूचना आहे, आणि सूर्योदयापूर्वी वा सूर्यास्तानंतर प्रवेश नाही. आग, पूर अशा आपत्तींची गोष्ट वेगळी. पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच कायदा.

तोवर 'लीव्ह अँड लायसन्स'चा कागद बोलतो. ताबा मालकाकडेच राहील, असे एक वाक्य त्यात बहुधा असतेच. दुसरी किल्ली त्या वाक्यातून येते.

आणि मुंडकार? घर व जमीन विकत घेण्याचा हक्कही त्याला याच कायद्याने दिला. पण असे कितीतरी दावे मामलेदार कचेऱ्यांत अजून पडून आहेत. तिथले पाच मीटर अजून कुणी मोजलेले नाहीत.