सरकारची शिल्लक आणि गरिबाचें मीठ

घरचा कर्ता पुरुष वर्षअखेर जमाखर्चाची वही पाहतो आणि चार पैसे शिल्लक दिसले तर त्यास समाधान वाटतें. तें रास्तच आहे. कारण तो पैसा त्यानें मिळविलेला असतो. सरकारची गोष्ट निराळी. सरकार पैसा मिळवीत नाहीं, लोकांकडून घेतें. तेव्हां सरकारी तिजोरींत शिल्लक पडली म्हणजे ती काटकसरीची खूण कीं गरजेहून अधिक घेतल्याची, हें आधीं पाहिलें पाहिजे. हा भेद आंकड्यांनिशीं कायदेमंडळापुढें मांडण्याचें काम गोपाळ कृष्ण गोखले यांनीं २६ मार्च १९०२ रोजीं कलकत्त्यास केलें. तें प्रकरण आजच्या वाचकांनींही समजून घेण्याजोगें आहे.

त्या वेळच्या जमाखर्चांत सुमारें ७ कोटि रुपये शिल्लक दिसत होते. जमाखर्चखात्याचे सभासद सर एडवर्ड लॉ यांचें अभिनंदन चाललें असतां फर्ग्युसन कॉलेजांतील या ३५ वर्षांच्या प्राध्यापकानें त्यांत सामील होण्याचें नाकारलें. १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ होऊन गेले होते. १८९६ पासून प्लेगानें मुंबई इलाख्यांत ठाण मांडलें होतें. जेथें माणसें व गुरें अन्नावांचून मेलीं, तेथल्याच तिजोरींत इतका पैसा उरावा हें एक कोडें होतें. तें सोडविण्याच्या कामीं गणेश व्यंकटेश जोशी या व्यासंगी हेडमास्तरांचें साह्य गोखल्यांस लाभलें होतें.

कोड्याचा उलगडा हुंडणावळींत होता. व्याज, पेन्शनें, लष्कर वगैरे बाबींसाठीं हिंदुस्थान सरकारास दरसाल दीड कोटि पौंडांहून अधिक रक्कम विलायतेस द्यावी लागे. देणें सोन्यांत, आणि उत्पन्न चांदीच्या रुपयांत. चांदी उतरत जाऊन १८९४-९५ सालीं रुपयाचे जेमतेम १३ पेन्स येऊं लागले, म्हणजे एका पौंडास साडेअठरा रुपयांच्या घरांत मोजावे लागत. ही तूट व वाढता लष्करी खर्च भागविण्यास एकामागून एक कर आले: १८८६ त प्राप्तीवरील कर, १८८८ त मिठावरील वाढ, १८९४ त आयात मालावरील जकात. इकडे १८९३ त टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद केल्या होत्या. त्याचा परिणाम होऊन शतकाच्या अखेरीस रुपया १६ पेन्सांवर ठरला व पौंडास १५ रुपये पुरूं लागले. दर पौंडामागें सुमारें साडेतीन रुपये वांचले. वर्षाचा हिशेब पांच कोटींच्या वर जातो. दुखणें हटलें, पण औषधाची पट्टी रोग्याच्या नांवें चालूच राहिली. शिल्लक मुख्यत्वें तिचीच होती.

या करांत मिठाचा कर विशेष ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. १८८८ पासून तो मणास अडीच रुपये होता. सरकारी मण ४० शेरांचा, आणि अडीच रुपयांचे आणेही ४०. म्हणजे शेरास बरोबर एक आणा. पांच माणसांच्या घरास महिन्यास अडीच शेर मीठ लागतें असें धरल्यास वर्षास ३० आणे होतात. हिंदी माणसाचें सरासरी वार्षिक उत्पन्न सरकारी अंदाजानेंच १८८२ सालीं २७ रुपये धरलें होतें. त्या मानानें एका माणसाची साडेतीन आठवड्यांची मिळकत या एका करांत जाई. श्रीमंताच्या घरीं मीठ कांहीं पांचपट लागत नाहीं. उलट ज्याच्या भाकरीबरोबर मिठाखेरीज दुसरें तोंडीलावणें नाहीं, त्यासच तें अधिक लागतें. कारकुनास प्राप्तीवरील कर दिसे, म्हणून तो कुरकुरे. मजुराचा कर मिठांत विरघळलेला. तो दिसत नसे, पण चुकतही नसे.

गोखल्यांनीं या शिलकेस दुहेरी अन्याय म्हटलें. हलाखीच्या काळांत गरजेपेक्षां अधिक घेतलें हा एक, आणि त्या शिलकेवरून देश सुखांत आहे असा भ्रम पसरतो हा दुसरा. आमच्या मतें दुसरा अधिक घातक; कारण सुबत्तेचा आभास एकदां राज्यकर्त्यांच्या मनांत बसला कीं कर उतरविण्याचें कारणच उरत नाहीं. कोणी म्हणेल, दुष्काळी देशांत सरकारजवळ गंगाजळी नको काय? अवश्य पाहिजे. गोखल्यांचा सरकारी खर्चासही सरसकट विरोध नव्हता. प्राथमिक शिक्षणावर खर्च वाढावा म्हणून ते सतत झगडले, व १९११ सालीं त्यासाठीं त्यांनीं बिलही आणलें. घेतलेला पैसा लोकांच्या उपयोगीं लावावा, नाहीं तर घेऊं नये, इतकाच त्यांचा आग्रह होता.

पुढें मिठाचा कर १९०३ त दोन रुपये, १९०५ त दीड व १९०७ त एक रुपया झाला. प्राप्तीवरील कराची सूटमर्यादाही १९०३ त ५०० वरून १००० रुपयांवर गेली. हें सर्व एका भाषणाचें फळ म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण अशा वादांत आंकडे कसे बोलवावे हें त्या भाषणानें शिकविलें. सरकारची संवय मात्र सुटली नाहीं. १९२३ त तूट आली तेव्हां विधिमंडळाचा नकार डावलून व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनीं कर पुन्हां अडीच रुपयांवर नेला. तो पुढच्याच वर्षीं उतरला. १९३० त गांधीजींनीं दांडीस मूठभर मीठ उचललें, आणि १९४७ त हा कर उठला.

आज मिठावर वस्तु व सेवा कर नाहीं. परंतु २०१७ पासून चालू असलेला हा कर साबण, कापड, पायतण यांच्या किमतींत मिसळून घरोघर येतो, आणि प्राप्तीवरील कराशीं ज्याचा कधींही संबंध आला नाहीं असा माणूसही तो भरतो. अंदाजपत्रक निघालें कीं आम्ही सुशिक्षित लोक प्रथम प्राप्तीवरील कराचें कोष्टक चाळतों. तें स्वाभाविक आहे. पण ज्याची प्राप्ति कोष्टकापर्यंत पोंचतच नाहीं, त्याच्या घरीं वाणसामान काय भावानें येतें, हेंही त्याच बैठकींत पाहावें. गोखल्यांनीं अंदाजपत्रक वाचलें तें असेंच.